महानगरी साहित्याची सीमा : जुन्नर-आंबेगावच्या बाजूने

महानगराची वाढ आपण ती जेथे दिसते तेथेच मोजतो. १९५१ साली सुमारे ३० लाख असलेली बृहन्मुंबईची लोकसंख्या १९६१ साली ४१ लाखांवर गेली. पुणे जिल्ह्याची २००१ मधील सुमारे ७२ लाखांची वस्ती २०११ मध्ये ९४ लाखांवर पोहोचली. या वाढीचे साहित्यातील प्रतिबिंब शोधणारी आपली समीक्षाही उपनगरांच्या वेशीशी थांबते. जयवंत दळवी यांची 'चक्र' (१९६३) किंवा भाऊ पाध्ये यांची 'वासूनाका' (१९६५) ही महानगरी, आणि वेशीपलीकडचे ते सारे ग्रामीण, अशी ही वाटणी आहे. ती सोयीची असली तरी सदोष आहे.

आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळचे बाबू गेनू मुंबईस मजुरीसाठी गेले आणि १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवी भागात परदेशी कापडाची मालमोटार अडविताना हुतात्मा झाले. पुढे घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयास त्यांचे नाव देण्यात आले; ज्या आंबेगावावरून तालुक्यास नाव मिळाले ते गाव त्याच जलाशयात बुडाले. या जीवनकथेतील ग्रामीण भाग कोणता व महानगरी कोणता?

जुन्नर तालुक्यातील नारायणगावचा तमाशाही याच कोटीतला. विठाबाईंच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गावी गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पंच यात्रेची सुपारी देण्यास येतात. यात्रेच्या वर्गणीत मुंबईकर मंडळींचा वाटा असतो व यात्रेपुरते तेही गावी परततात. शहरात कमावून गावी ऐकणाऱ्या या श्रोत्याचा विचार केल्याखेरीज तमाशास निव्वळ 'लोककला' म्हणणे अपुरे होय.

वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांनी संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत रचलेली 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड हे नाते नेमके पकडते. निवेदक मुंबईत आहे, मैना गावी आहे. दोघांमधील अंतर हाच रचनेचा विषय आहे. म्हणूनच व्यक्तिगत विरहातून खंडित महाराष्ट्राच्या दुःखाकडे ती सहज वळू शकते. तिचे एक टोक कापले तर अर्थच उरत नाही.

मग सर्वच ग्रामीण साहित्य महानगरी ठरेल, असा आक्षेप येईल. तसे नाही. जेथे शहराचे ओढणे पात्रांच्या निर्णयांत, विरहात व घरखर्चात कार्य करीत नाही, तेथे ती संज्ञा लावण्याचे कारण नाही. कसोटी स्थळाची नसून संबंधाची असावी, एवढेच येथे म्हणणे आहे.

२०१५ साली स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत हे दोन तालुके आले नाहीत. नियोजनकारास कोठेतरी रेघ ओढावीच लागते. समीक्षकाने तीच रेघ वाङ्मयाची सीमा मानली, तर महानगर ज्यांच्या श्रमावर वाढले त्यांचीच वाणी त्याच्या वाङ्मयातून वगळली जाईल.