घरगुती चित्रफितीत काय दिसत नाही?

डेव्ह तात्सुनो यांची ‘टोपाझ’ ही मूक, रंगीत चित्रफीत पाहा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जपानी वंशाच्या आपल्याच नागरिकांना छावण्यांत डांबले. युटाच्या वाळवंटातील टोपाझ ही त्यांपैकी एक. तेथील बंदिवानांना कॅमेरा बाळगण्यास मनाई होती. तात्सुनोंनी एका कर्मचाऱ्याच्या मदतीने आपला ८ मिमी कॅमेरा चोरून आत आणवला.

पडद्यावर मात्र बर्फ, मुले आणि हसरे चेहरे दिसतात. यावरून ‘छावणीत लोक सुखी होते’ असा निष्कर्ष काढू नका. ८ मिमीच्या एका रिळात जेमतेम चार मिनिटे मावत, म्हणून हौशी चित्रकार आनंदाचे क्षणच निवडत. शिवाय पकडले जाण्याच्या भीतीने तात्सुनोंनी कुंपण आणि पहारेकरी टाळले.

अन्याय थेट दिसत नाही, ही या चित्रफितीची मर्यादा आहे. पण बंदिवासातही लोकांनी घरपण कसे जपले, हे घरच्याच माणसाच्या नजरेतून दिसते, आणि तेच तिचे मोल आहे. १९९६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत तिची निवड झाली.

तेव्हा कोणतीही घरगुती चित्रफीत पाहताना दोन प्रश्न विचारा: कॅमेरा कोणाच्या हाती होता? आणि त्याने तो कोठे वळवला नाही?