ढोलकीवाल्याविना लावणीचा वर्ग

युवक महोत्सव जवळ आला की जालना जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत लावणीच्या तालमी सुरू होतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या महोत्सवात लावणीची स्पर्धा असते, त्यामुळे अंबड, परतूर, भोकरदनकडच्या मुलीही नऊवारी नेसून उतरतात. याचा मला मनापासून आनंद आहे. एके काळी घरंदाज म्हणवणाऱ्या घरांत लावणीचं नाव काढायची सोय नव्हती.

पण शिकवलं कसं जातं? स्पीकरवर गाणं लागतं, सर ‘पाच, सहा, सात, आठ’ मोजतात आणि मुली गिरक्या पाठ करतात. ‘नटरंग’ (२०१०) आल्यापासून तर नमुना बहुतेकदा पडद्यावरचाच. कॅमेऱ्यासाठी तुकड्यातुकड्यांत चित्रित झालेली लावणी सलग नाचायची म्हटलं की दम लागतो आणि हाती उरते ती कवायत. साथीला ढोलकीवाला आलाच, तर अगदी शेवटच्या तालमीला.

बैठकीची लावणी ज्यांनी समोर बसून पाहिली आहे त्यांना यातली उणीव लगेच कळेल. बाई बसलेली असते, एक गुडघा मुडपलेला, पदराचं टोक दोन बोटांत. ओळ एकच, पण ती पुन्हा पुन्हा येते आणि दर वेळी वेगळं सांगते. आधी लटका राग, मग आर्जव, मग नुसती मान वळवून नकार. ढोलकीवाल्याची नजर तिच्या खांद्यावर खिळलेली. तिने भुवई उचलली की तो घिस्सा देतो. तो मध्येच हात आखडता घेतो तेव्हा तीही हात तसाच अधांतरी धरते, आणि मग दोघं समेवर भेटतात. सत्यभामाबाई पंढरपूरकर आणि यमुनाबाई वाईकर यांचं नाव आजही निघतं ते या अदाकारीसाठी. यमुनाबाई स्वतः गात आणि गातागाताच अदा करत. आवाज एकाचा, अंग दुसऱ्याचं, अशी वाटणी त्यांच्या लावणीत नव्हती.

लावणी हाच पेशा असलेल्या संगीत बारीतल्या मुली हे मोजून शिकल्या नाहीत. थोरल्या बाया गात असताना मागे बसून, वर्षानुवर्षं ऐकून शिकल्या. त्या शिक्षणाची किंमत फार जबर होती. शाळा सुटली, दौलतजाद्यावर पोट आलं, गावाने टाळ्या दिल्या पण मान दिला नाही. ते दिवस परत यावेत असं कुणीही म्हणू नये. पण कान तयार करण्याची ती रीत मात्र आपण त्या हलाखीबरोबरच टाकून दिली.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं ब्लूज हे जोडीनृत्यही याच वळणावर आहे. दक्षिणेकडच्या कष्टकऱ्यांच्या गुत्त्यांत आणि घरगुती मैफलींत ते वाढलं. त्यातल्या ‘स्लो ड्रॅग’नेच स्कॉट जॉप्लिनने ‘ट्रीमोनिशा’ (१९११) या ऑपेराचा शेवट केला. आज ते जगभरच्या शहरांत कार्यशाळांतून शिकवलं जातं, बरेचदा त्या समाजाबाहेरच्या लोकांकडून, आणि त्यावरून तिथे वादही होतात. तरी तिथल्या चांगल्या शिक्षकांची एक गोष्ट घेण्यासारखी आहे. ते पदन्यासाची घाई करत नाहीत. आधी नुसत्या गुडघ्यांत ठेका मुरवायला लावतात, मग समोरच्याचा भार कुठे आहे, तो कुठे थांबतो, हे ओळखायला. वर्ग चालू असतानाच जोडीदार बदलत राहतात, त्यामुळे पाठांतराचा उपयोग होत नाही.

लावणीत हा जोडीदार म्हणजे ढोलकीवाला, आणि समोरचा प्रेक्षकही. भूषण कोरगावकर आणि सावित्री मेधातुल यांच्या ‘संगीत बारी’ या कार्यक्रमात शकुंतलाबाई नगरकरांची अदा पाहावी. प्रेक्षकांतला कोण हसला, कोण लाजला हे टिपून त्या पुढची अदा ठरवतात. हा हजरजबाबीपणा व्हिडिओ बघून येणारा नव्हे, तो माणसासमोर बसूनच येतो.

आपल्या जिल्ह्यात ढोलकी वाजवणाऱ्यांची वानवा नाही. भीमगीतांच्या कार्यक्रमांत आणि शाहिरी पथकांत ते भेटतात. त्यांना पहिल्या दिवसापासून तालमीला बोलवावं. पहिला आठवडा मुलींनी उभंच राहू नये. एक ओळ घेऊन बसावं आणि ती चार तऱ्हांनी सांगून बघावी. शक्य असेल तिथे बारीतल्या एखाद्या ज्येष्ठ बाईंना गुरू म्हणून आणावं, नृत्यदिग्दर्शकाइतकंच मानधन द्यावं आणि स्पर्धेच्या पत्रिकेवर त्यांचं नाव त्याच्या शेजारीच, त्याच टायपात छापावं.