‘स्वतः’ म्हणजे नक्की कोण? : रमाबाई रानड्यांच्या ‘आठवणी’ वाचताना

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एक तक्ता केला होता. साधन होतं रमाबाई रानड्यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे १९१० सालचं पुस्तक. तक्त्यात दोन रकाने. एकात ‘विश्वसनीय माहिती’, दुसऱ्यात ‘पतिभक्तीमुळे आलेली अतिशयोक्ती’. दोन आठवडे खपून तो भरला आणि गाईडना दाखवला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “बाईचं नवऱ्यावर प्रेम होतं, ही माहिती तू कुठल्या रकान्यात टाकलीस?” ती कुठेच नव्हती. तक्ता तिथेच संपला.

संशोधनाच्या तयारीत असलेल्या तुम्हा मंडळींसाठी आज या पुस्तकाबद्दल लिहितोय. कारण गेलेल्या नवऱ्याच्या आठवणी हा प्रकार आपल्याला वाटतो तेवढा सोपा नाही. हातात आलं की आपण दोनपैकी एक करतो : मोठ्या माणसाच्या चरित्राला तपशील पुरवणारं साधन म्हणून ते वापरतो, नाहीतर ‘दबलेला स्त्रीस्वर’ शोधायला लागतो. दोन्हीत मूळ गोष्ट निसटते. ती म्हणजे हे पुस्तक दुःखातून लिहिलेलं आहे आणि ते दुःख खरं आहे.

आधी थोडा संदर्भ. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचं १६ जानेवारी १९०१ ला मुंबईत निधन झालं. पुस्तक आलं त्यानंतर नऊ वर्षांनी. लग्न १८७३ सालचं. तेव्हा रमाबाई ११ वर्षांच्या, रानडे ३१ चे. पहिली पत्नी नुकतीच वारलेली. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या या माणसानं वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून लहान मुलीशी लग्न केलं, म्हणून त्यांच्यावर टीका झाली आणि ती आजही होते.

आता भाषेकडे या. रमाबाई नवऱ्याचं नाव घेत नाहीत, रिवाजच तसा होता. त्याच्या जागी त्या ‘स्वतः’ हा शब्द वापरतात. मी बनवलेलं एक वाक्य बघा : “मी वाचत बसले होते, तेवढ्यात स्वतः आले.” इथे आजचा वाचक क्षणभर अडखळतो. मराठीत ‘स्वतः’ एरवी वाक्यातल्या कर्त्याकडे बोट दाखवतो. इथे बोलणारी ती आणि ‘स्वतः’ मात्र तो! आत्मचरित्रात ‘स्व’ कोणाचा, हा प्रश्न सिद्धांताच्या पुस्तकात जाऊन शोधायची गरजच नाही, तो इथे सर्वनामातच बसलाय.

अनुवादकांनाही तो सुटला नाही. १९३८ च्या इंग्रजी अनुवादाचं नाव ‘हिमसेल्फ’, आणि त्याखाली उपशीर्षक ‘एका हिंदू स्त्रीचं आत्मचरित्र’ अशा अर्थाचं. म्हणजे मुखपृष्ठावर तोही आणि तीही. पुढे १९६३ मध्ये कुसुमावती देशपांड्यांचा अनुवाद आला, त्याचं शीर्षक ‘रानडे : त्यांच्या पत्नीच्या आठवणी’ असं. इथे पुस्तक सरळ त्यांचं झालं. रमाबाईंनी स्वतः मात्र ‘आमच्या’ म्हटलंय. पुस्तक एकच, पण त्याची मालकी तीन ठिकाणी वेगवेगळी. तुमच्या ग्रंथालयात ते चरित्रात ठेवलंय की आत्मचरित्रात, हे जरूर जाऊन बघा.

इथे गाईडनी मला पुन्हा अडवलं. “रिवाज होता म्हणतोस, मग एका शब्दावर एवढा डोलारा कशाला?” शंका रास्त होती. म्हणून मी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ शेजारी ठेवली. नारायण वामन टिळक १९१९ मध्ये गेले, ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागानं प्रसिद्ध झाली. लक्ष्मीबाई सरळ ‘टिळक’ म्हणतात. टिळकांचा संताप, हातात पैसा न टिकणं, दोघांची भांडणं, सगळं हसत हसत सांगतात. वाचताना टिळकांवरचं प्रेम तसूभरही कमी वाटत नाही. पण म्हणून लक्ष्मीबाई मोकळ्या आणि रमाबाई बांधलेल्या, असं म्हणू नका. मधे दोन तपांचा काळ आहे, घरं वेगळी, धर्म वेगळा. तुलनेतून एवढंच ठरतं, की नवऱ्याचे दोष सांगणं म्हणजे प्रामाणिकपणा आणि न सांगणं म्हणजे आंधळी भक्ती, हे समीकरण कच्चं आहे.

मग रमाबाईंच्या पुस्तकात टीका नाहीच का? आहे, पण वेगळ्या ठिकाणी. शिक्षणाचा प्रसंग घ्या. रानड्यांनी लग्नानंतर लगेच त्यांना शिकवायला सुरुवात केली. ते आवडीनं, चिकाटीनं शिकवत. पण दिवसभर घरात असायच्या त्या मोठ्या बायका. टोमणे, अबोला, कामात अडवणूक. पुण्यात मुलींच्या हायस्कुलाच्या मागणीसाठी रमाबाईंनी गव्हर्नरांसमोर इंग्रजीत निवेदन वाचलं, तेव्हा बाहेर कौतुक झालं आणि घरात बोलणी बसली. सुधारणा नवऱ्याची, तिचा रोजचा जाच बायकोच्या वाट्याला. रमाबाई ‘स्वतःं’ना कुठे दोष देत नाहीत. पण त्या सुधारणेची किंमत कोणी, कुठल्या खोलीत मोजली, हे त्या बारकाईनं लिहून ठेवतात. माझ्या तक्त्यात ही ओळ कुठल्याच रकान्यात बसली नसती, कारण कृतज्ञता आणि तक्रार एकाच प्रसंगात आहेत.

पुस्तकातली मला सर्वात चटका लावणारी गोष्ट म्हणजे ते कुठे थांबतं. १९१० मध्ये रमाबाई घरात बसलेल्या विधवा नव्हत्या. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झालं होतं, त्या स्वतः (इथे नेहमीच्या अर्थानं!) ते चालवत होत्या. यातलं काहीही पुस्तकात नाही. रानड्यांच्या शेवटच्या आजाराशी, त्यांच्या जाण्याशी पुस्तक संपतं. ‘आमच्या आयुष्यातील’ म्हटल्यावर ‘आम्ही’ संपलो तिथे आठवणी संपल्या. याला आत्मलोप म्हणायचं की नेमकेपणा? दोन वर्षं मी पहिलं उत्तर लिहीत होतो, आता दुसऱ्याकडे झुकतोय. पुढची १४ वर्षं, १९२४ मध्ये जाईपर्यंत, त्यांनी काम केलं, पण त्याची गोष्ट या पुस्तकात घुसवली नाही.

सिनॉप्सिसच्या घाईत असाल तर अशा पुस्तकापाशी तीन प्रश्न घेऊन जा. गेलेल्या माणसाला लिहिणारी कोणत्या शब्दानं हाक मारते? मृत्यू आणि लेखन यांच्यामध्ये किती वर्षं गेली आणि त्या काळात ती काय करत होती? पुस्तक कुठे थांबतं? ‘हे खरं आहे का?’ हा प्रश्न त्यानंतर विचारा, तेव्हा तो जास्त चांगला विचारता येतो.

आणि प्रेमाला ‘पूर्वग्रह’ या रकान्यात ढकलू नका. शेजारच्या खोलीत २७ वर्षं राहिलेल्या माणसाला जे दिसलं, ते दुसऱ्या कुणालाच दिसलेलं नसतं.