अर्थसंकल्पीय निधीवाटप आणि लोकप्रतिनिधींचे राजकीय वजन : हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

जिल्ह्याला वजनदार नेता नाही म्हणून हिंगोलीला निधी मिळत नाही, हे विधान प्रचारसभेपासून चर्चासत्रापर्यंत सर्वत्र ऐकू येते. त्यात तथ्यांश आहे. परंतु त्यातून सुचविला जाणारा 'वजनदार नेता' हा उपाय मात्र चिकित्सेस पात्र ठरतो.

निधीवाटप नेत्याच्या वजनावर अवलंबून राहू नये, यासाठीच राज्यघटनेच्या कलम ३७१ (२) मध्ये न्याय्य वाटपाची तरतूद आहे. प्रा. वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये विकासाचा अनुशेष मोजला, १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली आणि २००१ पासून राज्यपालांच्या निर्देशांनी प्रदेशनिहाय वाटपाला सूत्र दिले. तथापि हे सूत्र मराठवाड्याचा वाटा ठरवते. तो वाटा मराठवाड्यात कोठे जावा, हे त्याच कसोशीने ठरवत नाही. दांडेकर समितीने जिल्हा हे एकक मानले, तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यातच होती. १ मे १९९९ रोजी जिल्हा निर्माण झाला; परंतु जिल्ह्याची सरासरी सेनगाव आणि वसमत या तालुक्यांतील तफावत आजही झाकते.

मराठवाड्याने शंकरराव चव्हाण, विलासराव देशमुख, अशोक चव्हाण यांच्यासारखे मुख्यमंत्री दिले. तरीही प्रदेशाच्या मागासलेपणाचा प्रश्न संपला नाही. नेतृत्वाच्या प्रभावाचा लाभ प्रदेशभर समान पसरतोच असे नाही, हे यावरून दिसते.

जिल्हा पातळीवर वार्षिक योजनेची सूत्रे जिल्हा नियोजन समितीकडे असतात व तिचे अध्यक्षपद पालकमंत्र्यांकडे असते. हिंगोलीच्या पालकमंत्रिपदी २०२० मध्ये वर्षा गायकवाड (धारावी), २०२२ मध्ये अब्दुल सत्तार (सिल्लोड) व २०२५ मध्ये नरहरी झिरवाळ (दिंडोरी) आले. येथे व्यक्तींच्या कार्यक्षमतेचा प्रश्न नाही. ज्यांच्या हाती जिल्ह्याचा आराखडा, त्यांना जिल्ह्यातील मतदारांपुढे उभे राहावे लागत नाही, हा रचनेतील दोष आहे. याउलट आमदार स्थानिक विकास निधी प्रत्येक आमदारास समान मिळतो. पण २८८ पैकी हिंगोलीचे मतदारसंघ तीनच आहेत.

अर्थात प्रत्येक असमतोल राजकीय नसतो. सिद्धेश्वर धरण जिल्ह्यात असूनही त्याचे पाणी कालव्याने उताराकडील वसमत, परभणी, नांदेड भागांकडे जाते. यात भूरचनेचाही वाटा आहे. मात्र उंचावरील शेतीसाठी पर्यायी योजना मंजूर करावयाच्या की नाही, हा निर्णय राजकीयच असतो.

विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपल्यानंतर वाटपावरील देखरेखीची एक संस्थात्मक चौकट निखळली. अशा स्थितीत वजनदार नेत्याची मागणी करणे म्हणजे ज्या व्यवस्थेने हिंगोलीवर अन्याय केला, त्याच व्यवस्थेत वरचे स्थान मागणे होय. एका जिल्ह्याचे वजन वाढले की दुसऱ्याचे पारडे वर जाते. म्हणून तालुका हे मोजमापाचे एकक मानणे आणि मंजूर निधी व प्रत्यक्ष खर्च यांचा तालुकानिहाय तपशील दरवर्षी विधिमंडळापुढे ठेवणे, ही मागणी अधिक न्याय्य ठरते.