व्हेलास्केझची चित्रे : कुंचल्याचा फटकारा आणि यथार्थदर्शन

यथार्थदर्शी चित्राची प्रशंसा करताना आपल्याकडे ‘हुबेहूब’ आणि ‘सफाईदार’ ही विशेषणे बहुधा जोडीने योजली जातात. कुंचल्याची खूण जितकी लोपेल तितके चित्र वास्तवाच्या निकट जाते, असे गृहीत त्यांच्या मुळाशी असते. स्पॅनिश चित्रकार द्येगो व्हेलास्केझ (१५९९–१६६०) याच्या चित्रांपुढे हे गृहीत टिकत नाही.

सेव्हिल येथील उमेदीच्या काळात, सुमारे १६२० मध्ये, काढलेल्या पाणीविक्याच्या चित्रात मातीच्या घड्यावरील पाण्याचे थेंब त्याने एकेक करून रंगविले आहेत. सूक्ष्म रेखाटनाचे सामर्थ्य त्याच्या ठायी होते, याविषयी संशयास जागा नाही. पुढे माद्रिदच्या दरबारात तिशियनची चित्रे दृष्टीसमोर असताना आणि १६२९ ते १६३१ मधील इटलीच्या प्रवासानंतर त्याचा हात अधिकाधिक मोकळा होत गेला. लंडनच्या नॅशनल गॅलरीत चौथ्या फिलिपचे जे उभे व्यक्तिचित्र आहे, त्यात राजाचा चेहरा मृदू, एकजीव रंगांत साकारला आहे. पोशाखावरील रुपेरी भरतकाम मात्र जवळून पाहता सुटे ठिपके आणि तुटक फटकारे एवढेच दिसते. चार पावले मागे सरताच तेच भरतकाम लखलखू लागते.

हा केवळ अंतराचा प्रभाव होय, असे म्हणून भागत नाही. तसे असते, तर सर्व चित्रपृष्ठावर एकच पद्धती आढळली असती. चेहऱ्यावर आपली दृष्टी स्थिरावते. रुपेरी धाग्यावरील चमक मात्र क्षणोक्षणी हलते आणि तिला निश्चित कड नसते. म्हणून तेथे धागा न् धागा रेखणे हेच अयथार्थ ठरले असते. ‘लास मेनिनास’ (१६५६) या चित्रात व्हेलास्केझने स्वतःचा कुंचला धरलेला हात मोजक्या फटकाऱ्यांत सुचविला आहे. तो हात कामात गुंतलेला आहे, ही प्रतीती त्या अपुरेपणातूनच येते.

याचा अर्थ मोकळा फटकारा हा स्वयमेव गुण आहे, असा नव्हे. वस्तूच्या स्वभावाशी संबंध सुटला की तो निव्वळ हस्तकौशल्याचे प्रदर्शन होतो. आणि सर्वत्र सारखीच राखलेली सफाई हाही तितकाच दोष होय, कारण आपली दृष्टी सर्वत्र सारखी कधीच पाहत नाही. तेव्हा चित्राची परीक्षा करताना कुंचला दिसतो की लपतो, एवढेच पाहणे पुरेसे नाही. तो कोठे दिसतो, आणि तेथे दिसण्यास त्याला कारण आहे काय, हा समीक्षेचा खरा प्रश्न होय.