एकट्याची वाद्यमंडळी

आमच्या कासूवरून जाणारा रस्ता नागोठणे, महाड, खेड करीत गोव्याला पोहोचतो. पण त्या वाटेने गोव्याचे सारेच गाणे आमच्याकडे आले नाही. दीनानाथ आले, अभिषेकीबुवा आले. गिटारवाला गोवा मात्र आम्ही परक्या पाहुण्यासारखा ओटीवरच बसवून ठेवला. म्हणून रेमो फर्नांडिस यांच्या १९८४ सालच्या ‘गोअन क्रेझी’ या ध्वनिफितीविषयी फराळाबरोबर चार शब्द लिहितो.

शिवोलीत १९५३ साली जन्मलेले हे गृहस्थ मुंबईत वास्तुकला शिकले, तिथे ‘सॅव्हेजेस’ या रॉक वाद्यवृंदात गायले, आणि पुढे युरोपात, उत्तर आफ्रिकेत भटकून आले.  मुंबईच्या कंपन्यांनी गाणी नाकारली, तेव्हा त्यांनी घरीच, चार पट्ट्यांच्या यंत्रावर, सारी वाद्ये स्वतः वाजवून ती मुद्रित केली आणि स्कूटरवरून दुकानोदुकानी पोहोचवली.

हे यंत्र मोठे हट्टी. चार आवाज शेजारी शेजारी नोंदवता येतात. पाचवा हवा तर आधीचे दोन-तीन एका पट्टीत कोंबायचे, आणि एकदा कोंबले की ते सुटे होत नाहीत. शिवाय दर खेपेस फितीची खरखर वाढते! अशा अडचणीत माणूस जपून वाजवतो. या गाण्यांत गर्दी नाही, शब्द पुढे राहतो, तो मला वाटते या काटकसरीमुळेच.

दोषही तिथलाच. आमच्या गणपतीतल्या बाल्या नाचात मृदंगवाला गाणाऱ्याला ओढतो, अडवतो, प्रसंगी चिडवतोसुद्धा. एकटा माणूस स्वतःला काय चिडवणार? ‘गोअन क्रेझी’चा ठेका काही ठिकाणी फारच आज्ञाधारक वाटतो.

ही गाणी इंग्रजीत आहेत म्हणून ती आपली नव्हेत, असे म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. न चालणाऱ्या टेलिफोनवर आणि पुढाऱ्यांवर या माणसाने गाणी केली. नाथांच्या भारुडातली खोड याहून फार वेगळी नाही. शिवाय पुढच्याच वर्षी त्यांनी ‘ओल्ड गोअन गोल्ड’मध्ये गोव्याची जुनी गाणी गायली.

१९८७च्या ‘जलवा’ने त्यांचा आवाज घरोघरी नेला, २००७ साली पद्मश्री मिळाली. चित्रपटात पैसा होता, हाताशी वादक होते; तरी मुलांना ऐकवायचे झाले तर मी आधी ही स्कूटरवरची फीतच ऐकवतो. ती खरखरीला हसतात, आणि मग पायाने ताल धरतात.