अब्रुनुकसानी आणि मुद्रकाचा वाटा

अब्रुनुकसानीच्या खटल्यांची चर्चा आपल्याकडे लेखकाच्या धैर्याभोवतीच फिरते. मजकूर छापणाऱ्या मुद्रकाकडे टीकाकारांचे लक्ष क्वचितच जाते. मुंबईचा 'महाराज लायबल केस' हा याचा ठळक दाखला होय. 'सत्यप्रकाश' या गुजराती पत्रात १८६० च्या ऑक्टोबरात आलेल्या लेखाबद्दल जदुनाथजी महाराजांनी ५०,००० रुपयांचा दावा लावला, तो संपादक करसनदास मुळजी व मुद्रक नानाभाई रुस्तमजी राणिना या दोघांवर. १८६२ साली सुप्रीम कोर्टात लेखातील आरोप खरे ठरले आणि मुख्य मुद्द्यावर प्रतिवादींची सरशी झाली. करसनदास सुधारकांच्या मालिकेत जाऊन बसले. राणिनांचे नाव मात्र फारसे कोणी घेत नाही.

पण आरोप शाबीत झाले नसते तर? १७९९ च्या 'मेरीवेदर विरुद्ध निक्सन' या निकालापासून इंग्रजी कायद्याचा दंडक असा होता की, वादीने सारी रक्कम एकट्या मुद्रकाकडून वसूल केली, तरी त्याला सहप्रतिवादीकडे वाटा मागता येऊ नये. म्हणजे भार कोणी वाहावा हे न्याय नव्हे, तर वादीची मर्जी ठरविणार!

आमच्या मते येथे दोन प्रश्नांची गल्लत होते. ज्याची अब्रू गेली, त्याला भरपाई कोणाहीकडून मिळावी, हे रास्तच आहे. परंतु प्रकाशक व मुद्रक यांनी आपसात ती कशी वाटावी, हा प्रश्न निराळा. आणि त्याचे माप एकच, मजकुराचे ज्ञान व तो रोखण्याचा अधिकार. इंग्लंडने १९३५ साली अशा वाटणीस वाट करून दिली, आणि १९९६ च्या कायद्याने, वाजवी काळजी घेऊनही दोष न कळलेल्या निव्वळ मुद्रकास बचाव दिला. आपल्या फौजदारी कायद्यातही, १८६० च्या दंडसंहितेत ५०१ व्या कलमात आणि आता न्यायसंहितेच्या ३५६ व्या कलमात, बदनामीकारक मजकूर जाणून वा तसे मानण्यास सबळ कारण असता छापणे, हाच मुद्रकाचा गुन्हा मानला आहे.

यावर कोणी म्हणेल, मग प्रत्येक छापखानदार अज्ञानाचे पांघरूण घेईल. ज्याने वाचून, उमजून छापले, त्याला ते मिळू नये हे उघड आहे. पण सारा भार मुद्रकावर लोटणारे करारनामे त्याहून घातक होत. अशा कराराने बांधलेला मुद्रक प्रत्येक तिखट वाक्याला भिऊ लागेल, आणि जे परीक्षण न्यायासनाने करावयाचे, ते खिळे जुळविण्यापूर्वीच उरकले जाईल. प्रकाशकाने निवडीचा मान घ्यावयाचा, तर निवडीचे ओझेही त्यानेच प्रथम उचलावे.